तुमचे प्रश्न : जर्मनीच्या खेड्यात ज्यू कसे काय?

प्रश्न : जीन्सवाला लीवाय स्ट्रॉस हा जर्मनीतल्या बुटेनहाइम नावाच्या एका खेड्यातला ज्यू होता असं वाचलं. ज्यू म्हटलं की मला फ्रँकफर्ट, बर्लिन असली शहरंच आठवतात, मग हे लोक खेड्यात काय करत होते? आणि आता तिथे कोणीच नाही ते सगळं हिटलरमुळेच ना?

उत्तर : मारलं नाझींनीच, त्यात शंका नको, पण गावं ओस पडायला सुरुवात त्याच्या बरीच आधी झाली होती.

पंधराव्या-सोळाव्या शतकात मोठ्या शहरांनी ज्यूंना एकेक करून हाकललं, न्युर्नबर्गने १४९९ मध्ये, रेगेन्सबुर्गने १५१९ मध्ये. मग आसरा कोणी दिला तर आसपासच्या छोट्या छोट्या सरदारांनी, आणि तोही काही प्रेमापोटी नाही बरं का, दरवर्षी संरक्षणाचे पैसे घ्यायचे आणि राहायची परवानगी द्यायची, असा चोख हिशोब. जमीन घ्यायला बहुतेक ठिकाणी बंदी, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही, त्यामुळे उरलं काय तर फेरीवाल्याचा धंदा नाहीतर गुरांचा व्यापार. त्यातही एक पद्धत भारी होती, गाय हेड्याची म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याची, चारा आणि राबणं शेतकऱ्याचं आणि वासराचा नफा दोघांत निम्मा निम्मा. म्हणजे शेतकऱ्याला ज्यू हेड्याशिवाय चालायचं नाही आणि हेड्यालाही शेतकऱ्याशिवाय.

आता लीवायकडे येऊ. बुटेनहाइम ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याने १८१३ मध्ये कायदा केला की कुठल्या गावात किती ज्यू कुटुंबं राहणार तो आकडा ठरलेला आणि तो वाढता कामा नये, त्यामुळे जागा रिकामी झाली तरच नव्याला नंबर, आणि बापाचा नंबर सहसा थोरल्याला मिळायचा. धाकट्यांनी लग्न करून संसार थाटायचा तरी कुठे? म्हणून ते अमेरिकेला निघाले. लीवायचे वडील फेरीवाले होते, ते १८४६ मध्ये क्षयाने गेले आणि पुढच्याच वर्षी आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेली. लेहमन ब्रदर्स या अमेरिकन बँकेचे मूळ भाऊसुद्धा बव्हेरियातल्याच रिंपार गावातले, गुरांच्या व्यापाऱ्याची मुलं.

हा कायदा १८६१ मध्ये गेला आणि गंमत बघा, मोकळीक मिळाली तशी उरलेली तरुण पोरंही शाळा-धंद्यासाठी शहरात पळाली. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, काही गावांत तेवढेही जमेनात म्हणून सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं बंद पडली. पण सगळीकडे असं नव्हतं हां. स्विस सीमेवरच्या गाइलिंगनमध्ये एकेकाळी निम्मं गाव ज्यू होतं आणि १८७० पासून १८८४ पर्यंत महापौरही ज्यू होता. तिथे उरलेल्या ज्यूंना २२ ऑक्टोबर १९४० ला फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेलं, त्या दिवशी गाइलिंगन ज्यात येतं त्या सगळ्या बाडेन प्रांतातून आणि शेजारच्या फाल्त्स-सार प्रांतातून मिळून साडेसहा हजारांवर माणसं उचलली होती.

तिकडे जाणं झालंच तर जुन्या घरांच्या दाराच्या उजव्या चौकटीकडे नीट बघा, दगडात तिरकी खाच दिसली तर तिथे मेझुझा म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी बसवलेली असायची. आणि बव्हेरियातल्या फाइट्सहोखहाइम गावचं ज्यू म्युझियम चुकवू नका. १९३८ नंतर तिथल्या सिनेगॉगमध्ये अग्निशमन दलाचा बंब उभा असायचा, १९८६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी माळ्यावर फाटकी प्रार्थनापुस्तकं, कॅलेंडरं असा ढीग सापडला, कारण देवाचं नाव लिहिलेला कागद फेकून देत नाहीत.

आज जर्मनीत ज्यू आहेत की, पण मुख्यतः शहरांत, आणि त्यातले बरेचसे १९९० नंतर सोव्हिएत देशांतून आलेले. या खेड्यांशी त्यांचा तसा संबंध नाही.