बंब बंद करून सोलर घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मखमलाबादला स्वतःचं घर, माणसं पाच, आंघोळीचं पाणी बंबावर, सासूबाईंना दमा, शेजारचेही धुराचं बोललेत, आणि आता ६०,००० ची एफडी मॅच्युअर होतेय तर त्यातून ३५,००० चा पाणी तापवायचा सोलर घ्यायचा की सगळे एसआयपीत टाकायचे, कारण निम्मं सरपण तर भावाच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतून फुकटच येतं.

आधी नुसते पैसे बघू. सरपणाला महिन्याला ६०० जातात म्हणालात. ढगाळ दिवस सोडून सोलर वर्षातले नऊ महिने धरला तर ५,४०० वाचतात, देखभालीचे हजार काढा, म्हणजे पैसे वसूल व्हायला आठ वर्षं. नुसत्या पैशावर सोलर जेमतेमच, हे स्पष्ट सांगतो.

पण धुराचा खर्च या हिशोबात कुठंच नाहीये ना! नाशिकला थंडीत सकाळी गार हवा खाली बसून राहते, धूर वर जातच नाही, आणि नेमकी तीच बंब पेटवायची वेळ. त्या धुरातले बारीक कण, पीएम २.५, थेट फुप्फुसात खोलवर जातात. आपलं शहर २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, ते काही उगाच नाही. शिवाय द्राक्षाच्या काड्यांवर किती फवारण्या झालेल्या असतात ते भावाला विचारा, त्या काड्यांचा धूर दम्याच्या माणसाशेजारी नकोच. त्यांची बागेतच कुट्टी करू दे, मातीला तरी मिळेल.

म्हणून बंब बंद कराच, माझं मत पक्कं आहे. फक्त सोलर लगेच नको. ६०,००० हीच तुमची सगळी शिल्लक आणि घरखर्च महिन्याला ३०,०००, त्यातून ३५,००० काढले तर अडीअडचणीला एक महिन्याचेही उरत नाहीत, आणि एसआयपीचंही याच कारणासाठी आत्ता नाव काढू नका.

सध्या आठेक हजारांचा १५ लिटरचा साठवणीचा गीझर बसवा. पाच जणांना दिवसाला तीनेक युनिट लागतील, सगळे आकार धरून युनिट १२ रुपये पकडलं तर महिन्याला अकराशेच्या आसपास, म्हणजे आत्तापेक्षा ५०० जास्त. सासूबाईंच्या श्वासासाठी हे ५०० मला अजिबात महाग वाटत नाहीत. उरलेले ५२,००० परत एफडीत, आणि महिन्याला २,००० ची आरडी सुरू करा, दीड वर्षात सोलरचे पैसे जमतात आणि गीझर पावसाळ्यात कामाला येतोच. बंब तांब्याचा असेल तर मोडीत वजनावर चांगले पैसे येतात, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, ते आरडीच्या जोडीला.

आणि हो, सोलरवाला पीएम सूर्यघरची सबसिडी मिळेल म्हणाला तर ऐकू नका, ती छतावरच्या विजेच्या पॅनलला आहे, पाणी तापवायच्या सोलरला नाही. बोअरचं पाणी असेल तर काचेच्या ट्यूबवालाच बघा, तांब्याच्या पाइपवाल्यात क्षार बसतात.