निपाणीत 1968ची फियाट 1100 पाहिली आहे. इंजिनावरचा नंबर मूळचा आहे की नंतर ठोकलेला, कसं ओळखायचं?

दादा, आधी नंबरची जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्या. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, खरा पुरावाच घासून जाईल. मग टॉर्च आडवी धरा. ज्या सपाट पट्टीवर नंबर आहे तिच्यावर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक, एकाच दिशेच्या रेषा दिसल्या तर चांगलं लक्षण. गोलगोल ओरखडे, आजूबाजूपेक्षा खाली गेलेला भाग किंवा ताजा जाड रंग दिसला तर ग्राइंडर फिरलाय असं समजा. तरी एक लक्षात घ्या: इंजिनाच्या ब्लॉकची फेसिंग केली, म्हणजे वरचा भाग मशीनवर घासून सपाट केला, तर वरच्या पृष्ठभागावरच्या या रेषा प्रामाणिक दुरुस्तीतही जातात.

अक्षरं वाकडी म्हणून लगेच खोटं ठरवू नका. हातानं पंच मारलेले आकडे थोडे वरखाली असतातच. त्यापेक्षा एकच आकडा दोनदा आला असेल तर दोन्ही ठसे जुळतात का पाहा. ब्लॉकवर ओतकामाची तारीख असेल तर ती गाडी बनण्याच्या आधीचीच हवी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) जुना, अनुभवी माणूस सोबत न्या. ओतीव लोखंडावरची घासणी त्याला पटकन कळते.

पेन्सिलनं कागदावर ठसा घ्या आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडा. जुन्या फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवणं सर्रास चालायचं, पण बदलाची नोंद आरसीवर लागते. गाडी कोल्हापूर पासिंगची, म्हणजे महाराष्ट्रातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.