कांड्या पूर्ण, तरी कॉल तुटतो

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या चार मजली ऑफिसात प्रत्येक पॅसेजमध्ये वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट (सिग्नल देणारे डबे) एका रांगेत लावलेत. सिग्नल पूर्ण दिसतो, पण व्हिडिओ कॉल तुटतात. आणखी पॉइंट घ्यावेत का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नका घेऊ. मोकळ्या पॅसेजमध्ये पॉइंट एकमेकांना थेट ऐकतात. चॅनेल, म्हणजे सिग्नलची लेन, एकच असला की आळीपाळीने बोलतात आणि वेग तिथेच जातो. ते खोल्यांत हलवा, वरखालच्या मजल्यांवर एकाच रेषेत नकोत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर फक्त १, ६, ११ हेच चॅनेल ठेवा, पॉइंटच्या सिग्नलची पॉवर कमी करा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर न्या, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. मग दारं बंद करून, माणसं बसतात तिथेच सिग्नल मोजा : उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगलं, म्हणजे शून्याच्या जवळचं, हवं. लिफ्टच्या आरसीसी भिंतीआड मात्र वेगळा पॉइंट लागण्याची शक्यता मोठी.