तिकडं सेठ, इकडं अण्णा

"मॅडम, मी नक्की कुठला?" सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षातून चार-पाच जण तरी हे विचारतात. घरी कन्नड आणि कॉलेजात मराठी बोलणारी जतकडची मुलगी विचारते, मिरजेत वाढलेला केरळी नर्सचा मुलगा विचारतो. पण सगळ्यात जास्त विचारतात ती गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची मुलं. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला संदीप म्हणू.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा सगळा कमी पावसाचा पट्टा. दुष्काळानं टेकीला आलेली इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. संदीपचे वडील तमिळनाडूत सेलमला गेले. त्याचा जन्म तिथला, शाळा-कॉलेजही तिथलंच. आजी एकटी पडली म्हणून सव्विसाव्या वर्षी तो विट्याजवळच्या गावी आला आणि सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेबाला लागला.

"तिकडं सगळी सेठ म्हणायची," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "आमी काय सेठ न्हवं. हितं आलो तर अण्णा."

आता सांगलीत अण्णा म्हणजे मानाचं नाव. दादा, बापू, आबा, अण्णा यांच्याशिवाय इथलं पान हलत नाही. त्याच्या मालकांनीही हेच ऐकवलं, "अरे, मानच देत्यात की तुला!" पण पेढीवरच्या बाकी कुणा सव्वीस वर्षांच्या पोराला अण्णा म्हणत नव्हते. नुसता शब्द बघून मान की टिंगल ते कळत नाही, कुणाला म्हणतात आणि कुणाला म्हणत नाहीत त्यावरून कळतं.

टिंगल दोन बाजूंनी चालायची. एक, लिंगाची. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळे हा "ते खुर्ची", "चहा थंड झालं" म्हणायचा आणि चारजण एका सुरात "थंड झालंऽऽ" करायचे. दुसरी गंमत जास्त बोचरी. डबा उघडून तो "आज कोरड्यास काय आणलंय?" विचारायचा आणि सगळे फुटायचे. त्याचं मराठी आईकडून आलेलं. तिनं तीस वर्षांपूर्वी गावातून जे नेलं, ते सेलमच्या दोन खोल्यांत जसंच्या तसं जपलं: कोरड्यास, कवाधरनं, आमास्नी. इकडं गावानं 'भाजी' आणि 'आम्हाला' धरलं. म्हणजे पोरगा एकाच वेळी 'मद्रासी' आणि 'म्हातारीसारखा बोलणारा' ठरला. महिन्याभरात तो डबा गाडीवर बसून एकटा खायला लागला.

माझा पहिला सल्ला चुकला, तो आधी सांगते. मी म्हटलं, "इरोडला हळदीची एवढी मोठी पेठ, तुझी तमिळ कामाची आहे, दाखव की." त्यानं दाखवली. तीन आठवड्यांनी आला तो वैतागूनच. तमिळनाडूचा प्रत्येक फोन त्याच्या हातात, हिशेब तुंबलेले, आणि 'अण्णाकडं द्या' हे आता अधिकृत झालेलं. वेगळेपणाचा उपयोग झाला की माणूस आपला होतो, हा माझा भाबडेपणा होता. कामाला घेतला, पंगतीला नाही.

मग मी तंजावर काढलं. तिथं १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास आहे, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते राजे होते. आमचं दुकान धा बाय बाराचं."

त्या दिवशी मी गप्प बसले आणि त्याला वडिलांचं काम विचारलं. तो तासभर बोलला. जुनं सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालायची, सोन्याच्या साधारण तिप्पट. मुशीत वितळवून मग नायट्रिक अॅसिडमध्ये टाकायचं. चांदी-तांबं विरघळतं, खाली तपकिरी भुकटी राहते. "ती बघून कुणी म्हणणार न्हाई सोनं हाय. धुऊन पुन्हा आटवली की मग रंग येतो." मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "ह्याच्यातनं काय अर्थ काढू नका हं." मी निमूट वही मिटली.

एक गोष्ट मात्र त्याला पटली. १९५० च्या दशकात रूथ युसीम नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ भारतात आल्या आणि इथल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला. आईबापांची संस्कृती एक, वाढलं ते गाव दुसरं; अशी मुलं या दोन्हींच्या मधल्या तिसऱ्याच जागेत घडतात, असं त्यांनी मांडलं आणि त्यांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं. "म्हणजे हे भारतात बघूनच सुचलं?" त्यानं विचारलं. आपल्या भानगडीला नाव आहे म्हटल्यावर माणूस जरा सैलावतो.

पुढचं काम किरकोळ वाटेल असं होतं. कुठल्या वेळी गप्प बसतो याची त्यानं आठवडाभर नोंद ठेवली. सगळी पेढी वाईट नव्हती. सुरुवात करणारे दोघं, बाकीचे मागून हसणारे. त्या मागच्यांपैकी एकाला त्यानं चहाच्या गाड्यावर सरळ सांगितलं, "मला नावानं हाक मार. बोलणं चुकलं तर दुरुस्त कर, पण चारचौघांत सूर लावू नकोस." बोलणं काय असावं याची आम्ही दोनदा तालीम केली, कारण पहिल्यांदा तो माफी मागितल्यासारखा बोलत होता. फोनचं मालकांशी ठरलं: तमिळ बोलणी दुपारी चारनंतर, हिशेब संपल्यावर.

दोघं अजून अण्णाच म्हणतात. तो मान वर करत नाही, नाव घेतल्यावरच ओ देतो. डबा मात्र आत बसून खातो, आणि 'कोरड्यास' सोडलेलं नाही. ज्याला चहाच्या गाड्यावर सांगितलं होतं, त्याच्या आजीच्या तोंडीही तोच शब्द निघाला.

शेवटच्या भेटीत त्यानं लग्नाचा बायोडेटा दाखवला. 'मूळ गाव' या रकान्यात दोन नावं. वडील, म्हणजे त्याचे 'दादा', फोनवर म्हणाले होते, एकच ठेव, मुलीकडचे गोंधळतील.

"दादा दिवाळीला गावी येणार हायत," तो उठताना म्हणाला. "तीस वर्षं झाली त्यास्नी तिकडं. त्यांना घेऊन आलो तर चालंल का?"