आधी दिवा लाव, मग ताट घे

पत्र : ताई, वय ४३, राहणार डोंबिवली, नोकरी फोर्टात. सकाळी नुसता चहा घेऊन निघते. दुपारी डब्यात काकडी आणि मोड आलेले मूग, पोळी-भात बंद. घरी येईपर्यंत डोकं ठणकत असतं. सगळ्यांना गरम गरम वाढते, शेवटी स्वतः अर्धी भाकरी घेते. आणि रात्री साडेअकराला सगळे झोपले की अंधारात ओट्यापाशी उभी राहून चिवडा, मुलांनी टाकलेला भात, फ्रिजमधले पेढे, हाताला लागेल ते खाते. पोट दुखेपर्यंत. मग रडू येतं. सकाळी वजनकाट्यावर उभी राहून ठरवते, आज काही खायचं नाही. आठवड्यातून तीन-चारदा असं होतं, वर्ष झालं. शुगर बॉर्डरवर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.९. कुणीतरी सांगितलं, मन लावून खा, एकेक घास बत्तीस वेळा चाव. तेही जमत नाही. माझ्यात निग्रहच नाही का? पुढच्या महिन्यात होळी आहे, पुरणपोळी खाऊ की नको? आणि हो, लेक चौदा वर्षांची आहे. परवा पोळीला हात लावण्याआधी तिनं विचारलं, 'आई, यात किती कॅलरी?' मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातला 'अंधारात' हा शब्द माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. स्वतःच्या घरात, स्वतः रांधलेलं अन्न तू दिवा न लावता खातेस, चोरी केल्यासारखं. म्हणून ते बत्तीस वेळा चावणं तूर्त राहू दे. आधी याचं बघू.

निग्रह नाही म्हणतेस. एक कप चहा आणि मूठभर मुगांवर जी बाई लोकलची गर्दी, ऑफिस आणि रात्रीचा स्वयंपाक निभावून नेते, तिच्यात निग्रह कमी नाही गं. रात्री येते ती साधी भूक आहे. दिवसभर तिला दाराबाहेर ताटकळत ठेवलंस, मग घर झोपल्यावर ती दार ढकलून आत येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युरोपात उपासमार झालेल्यांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण आपणहून तयार झाले होते. सहा महिने त्यांचं खाणं जवळपास निम्म्यावर आणलं. धडधाकट, निश्चयी मुलं ती. पण थोड्याच आठवड्यांत त्यांना खाण्याशिवाय दुसरं सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटं चाटायला लागली, झोपेतही त्यांना अन्नच दिसायचं. आणि प्रयोग संपल्यावर पोटभर मिळू लागलं, तरी कित्येकांची भूक पुढे महिनोन्‌महिने भागत नव्हती. पोट गच्च भरलेलं आणि तरी हात ताटाकडे. रात्री साडेअकराची तू मला त्या मुलांत दिसतेस. त्यांना कुणी कमकुवत म्हटलं नाही. तू स्वतःला म्हणू नकोस.

आता तुझ्या पत्रातला क्रम बघ. आधी सगळे आणि 'शेवटी स्वतः'. माझ्या आईचं मला असंच आठवतं. आमची पानं उचलल्यावर ती पातेल्याच्या बुडाशी लागलेला भात उलथन्यानं खरवडायची, त्यावर उरलेली आमटी ओतायची आणि झाकणातच कालवून, ओट्याला टेकून खायची. एक हात खात असायचा, दुसरा फडकं फिरवत असायचा. तिला ताट घेऊन बसलेली मी फक्त लग्नाकार्यात पाहिली. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही, आता ते आठवलं की गलबलतं. तू मन लावून खायचं म्हणतेस, पण मन लावायला समोर ताट तर हवं. तर पहिलं काम हे : उद्यापासून सगळ्यांच्या बरोबर स्वतःचं ताट वाढून घे. पोळ्या आधी करून डब्यात ठेव. एखाद्याला तव्यावरचीच हवी असेल, तर त्यानं उठून तव्यापाशी जावं.

दिवसाचं थोडक्यात सांगते. सकाळी घरातून उपाशी निघायचं नाही. भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे, मुगाचं धिरडं, नाहीतर अंडं-पोळी, काहीही, पण खाऊन निघायचं. डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि उसळ, बरोबर वाटीभर दही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी पकडण्याआधी, साडेपाच-सहाला, मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एखादं फळ. तुझं ठणकणारं डोकं बहुतेक तिथंच थांबेल आणि रात्रीची निम्मी लढाईही.

शुगरची काळजी रास्त आहे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, तू त्यात आहेस. पण दिवसभर कडकडीत उपास आणि मध्यरात्री पेढे, भात, चिवडा एकदम, यानं शुगर सुधारत नाही. किती पोळ्या, किती भात, हे तुझ्या डॉक्टरांशी किंवा आहारतज्ज्ञांशी बोलून ठरव. रात्रीचं हे खाणं त्यांना सांगितलं नसशील, असं मला वाटतं. ते सांग. त्याशिवाय त्यांचा सल्ला तुला लागू पडणार नाही.

आता बत्तीस वेळा चावण्याचं. मोजायला लागलं की मन घासावर राहत नाही, आकड्यावर जातं. तुझ्या आयुष्यात आकडे आधीच उदंड झालेत. आपल्याकडे जुनी माणसं जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायची, आठवतं? त्यातली श्रद्धा ज्याची त्यानं ठरवावी, मला त्यातली ती अर्ध्या मिनिटाची थांबण्याची जागा फार मोलाची वाटते. वाढलेलं ताट समोर, हात थांबलेला, आणि डोळे अन्नावर. तू नुसतं तेवढं कर. ताट पुढ्यात घे, मोबाइल आतल्या खोलीत ठेव, आणि पहिले तीनच घास नीट खा. पोळी मोडताना तिचे पापुद्रे सुटतात, आतली वाफ बोटांना लागते, तूप कडेनं ओघळतं, ते बघ. पुढचं जेवण गप्पा मारत झालं तरी चालेल. ताटाची डावी बाजूही सोडू नकोस. लिंबाची फोड, चमचाभर चटणी, कोशिंबीर. आंबट, तिखट, कुरकुरीत असं थोडं थोडं जिभेला मिळालं की जेवल्यासारखं वाटतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. ओट्यापाशी उभ्यानं पाच मिनिटांत उरकलं, तर तो पोचणार कधी?

आणि एवढं करूनही रात्री उठावंसं वाटलं तर? वाटेल, सुरुवातीला नक्की वाटेल. तर ऊठ, पण दिवा लाव. डब्यात हात घालू नकोस. चिवडा वाटीत काढ, पेढा बशीत ठेव, खुर्चीवर बस आणि खा. कुणी उठून आलं तर येऊ दे, 'भूक लागली' म्हणून सांग. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहू नकोस आणि नाश्ता चुकवू नकोस. उपाशी राहून भरपाई करायला गेलीस की पुन्हा त्याच चरकात सापडशील. तो वजनकाटा माळ्यावर टाकलास तर उत्तमच.

मुलांचं उरलेलं 'पानात टाकायचं नाही' म्हणून तू संपवतेस, हेही ओळखू येतं. त्यांना आधी कमी वाढ, लागलं तर परत घेतील. पातेल्यात उरलेला भात फ्रिजमध्ये ठेव, सकाळी फोडणीचा होईल. तुझं पोट ही उरलंसुरलं ठेवायची जागा नाही.

एक गोष्ट मात्र मी उत्तरात मिटवू शकत नाही. आठवड्यातून तीन-चारदा, हात आवरत नाही असं खाणं, त्यानंतरची शरम, आणि हे वर्षभर. याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, उपचार आहेत आणि ते लागू पडतात. निदान करणं माझं काम नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना एकदा भेटच. त्यातून खाल्लेलं मुद्दाम उलटी करून काढत असशील, तर याच आठवड्यात भेट. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं.

लेकीचं तू 'आणि हो' म्हणून शेवटी लिहिलंस, पण पत्र तू तिच्यासाठीच लिहिलंयस असं मला वाटतं. तिला व्याख्यान देऊ नकोस. 'आज मी फार खाल्लं, उद्या उपाशी राहते', 'जाड झालेय', हे घरात मोठ्यानं बोलणं आजपासून बंद कर. तिच्या अंगावर कुणी शेरा मारला, अगदी आत्यानं लाडानं मारला तरी, तिच्यासमोरच थांबव. पुन्हा कॅलरी विचारल्या तर म्हण, 'मला माहीत नाही गं, भूक लागलीय ना, बस, दोघी मिळून खाऊ.' आणि खरंच बस. ती जेवण टाळायला लागली, पाळी चुकली किंवा वजन उतरायला लागलं, तर थांबू नकोस, तिलाही डॉक्टरांकडे ने.

राहिली पुरणपोळी. खा. होळीच्या दिवशी, नैवेद्य झाला की, सगळ्यांच्या पंगतीत, तव्यावरून आलेली, वर तूप घालून, कटाच्या आमटीबरोबर. आदल्या दिवशी उपास करायचा नाही. शुगरसाठी त्या दिवशी भात वगळ, जेवणानंतर लेकीला घेऊन चालून ये. एक खाऊन समाधान झालं तर तिथं थांब. आणखी अर्धी हवीशी वाटली तर ती पंगतीतच मागून घे, रात्रीवर ठेवू नकोस. उरलेल्या डब्यात भर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाबरोबर शिळी पुरणपोळी काय लागते, ते तुला मी सांगायला नको.