‘द्विगुणित’ म्हणजे दुप्पट झालेलं का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका वहिनींनी विचारलंय: “लेखात वाचलं, ‘कपाशीची गुणसूत्रं द्विगुणित झाली आणि नवी जात जन्मली.’ गुजराती माध्यमात बारावीला असलेली भाची म्हणते, द्विगुणित तर बहुतेक झाडं असतातच, त्यात नवल काय? कोणाचं खरं?”

वहिनी, भाचीचं खरं. लेखकानं रोजच्या मराठीतला अर्थ शास्त्राच्या वाक्यात घातला, तिथे गोंधळ झाला.

‘आनंद द्विगुणित झाला’ म्हणजे होता त्याच्या दुप्पट झाला. जीवशास्त्रात मात्र द्विगुणित हे घटनेचं नाव नाही, स्थितीचं आहे. पेशीत गुणसूत्रांचे (जनुकं वाहणाऱ्या धाग्यांचे) दोन संच, एक आईकडचा, एक बापाकडचा, की ती पेशी द्विगुणित. बीजांडातल्या अंडपेशीत एकच संच, ती एकगुणित. त्यामुळे द्विगुणित झाडाचा सगळा संच दुप्पट झाला तर ते होतं चतुर्गुणित. ‘गुणसूत्रं द्विगुणित झाली’ हे वाक्य शास्त्राच्या कानानं ऐकलं तर साधं फलन झालं, एवढाच अर्थ निघतो.

भाचीच्या पुस्तकात याला ‘द्विकीय’ म्हणतात. त्या शब्दात ‘दुप्पट’ ऐकूच येत नाही, म्हणून ती फसली नाही. गुणसूत्रालाही गुजरातीत ‘रंगसूत्र’ म्हणतात, ते मूळ नावाला धरून आहे: हे धागे रंग शोषतात म्हणून जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८८ साली त्यांना ‘रंगीत काया’ अशा अर्थाचं नाव दिलं. आपण त्यांचं काम पाहून नाव ठेवलं, गुण वाहून नेणारं सूत्र. मला आपलं जास्त आवडतं.

पण मग दोन्ही शब्दांतला ‘गुण’ एकच का? आजचा अर्थ वेगळा: गुणसूत्रात तो लक्षण, द्विगुणितात तो पट. मूळ मात्र एक. संस्कृतात गुण म्हणजे दोरी, दोरीचा पेड, धनुष्याची प्रत्यंचासुद्धा. दोन पेडांचं ते द्विगुण. तिपेडी वेणी आठवा: पेड तीन, वेणी एक. बिनबियांचं कलिंगड असंच तिपेडी, म्हणजे त्रिगुणित असतं. तीन संचांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. (दोनाहून जास्त संचांचं ते ‘बहुगुणित’; त्याची आणि ‘बहुगुणी’ची गल्लतही टाळा. बहुगुणी आवळा असतो.)

लेखातली कपाशीची गोष्ट खरंच सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे भरूच-वडोदऱ्याकडच्या कानम पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेलेली देशी कपाशी द्विगुणित, गुणसूत्रं २६. अमेरिकन कपाशी चतुर्गुणित, गुणसूत्रं ५२. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी देशी कपाशीच्या नात्यातली एक आणि अमेरिकेतली एक रानटी यांचा संकर झाला. असा संकर सहसा वांझ निघतो, कारण इकडच्या १३ आणि तिकडच्या १३ गुणसूत्रांच्या जोड्या लागत नाहीत. पण सगळा संच दुप्पट झाला आणि प्रत्येकाला आपला जोडीदार मिळाला. बी धरलं, आणि मूळ दोघींपासून वेगळी जात उभी राहिली. शिवाय प्रत्येक जनुकाच्या जादा प्रती हाताशी आल्या. एक जुनं काम सांभाळते तेव्हा दुसरी बदलायला मोकळी असते. कित्येक प्रती पुढे गळून जातात, काही नव्या कामाला लागतात.

सपुष्प वनस्पतींच्या पूर्वजांत असं अनेकदा घडलंय. आज द्विगुणित म्हणून वागणारी कितीतरी झाडं फार पूर्वी चतुर्गुणित होती, हळूहळू पुन्हा दोन संचांवर आली. स्थितीचा शब्द घटनेला वापरला तर हे सांगताच येणार नाही.

स्वयंपाकघरातच पाहा. लाडवासाठी आणलेला भालिया गहू, लांब, कडक, पिवळसर दाण्याचा, चतुर्गुणित आहे: गुणसूत्रं २८. शेजारच्या डब्यातला पोळीचा गहू षड्‌गुणित: ४२. चतुर्गुणित गव्हाशी १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताचा संकर झाला, आणि त्या संकराचा संच दुप्पट झाल्यावर हा पोळीचा गहू आला.

तेव्हा घटनेला ‘द्विगुणन’ म्हणा, किंवा सरळ ‘संच दुप्पट होणे’. झालेल्या झाडाला चतुर्गुणित, षड्‌गुणित. सगळ्यांना मिळून बहुगुणित. लेखातलं वाक्य मी असं लिहीन: ‘दोन कपाशींच्या संकराचा जनुकसंच दुप्पट झाला आणि चतुर्गुणित कपाशी जन्मली.’ भाचीला वाचून दाखवा.