निपाणी–बेळगाव रस्त्यावर रोज दुचाकीनं जातो. देशात अपघातात एवढी माणसं का मरतात, आणि मी काय सांभाळू?

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांत दुचाकीवाले जवळजवळ ४४ टक्के. केंद्राच्या नोंदीत सर्वात मोठं कारण अतिवेग, दहांपैकी सात मृत्यू त्यामुळेच. म्हणून फक्त खड्ड्यांना दोष देऊन भागणार नाही.

हेल्मेट नसलेले त्या वर्षी पन्नास हजारांवर गेले, आणि त्यांत चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले होते. आपल्याकडे पुढचा घालतो, तेही पोलिसापुरती अर्धी टोपी; मागे बायको आणि मांडीवर पोर उघड्या डोक्यानं. हे बघून खरंच जीव तुटतो. पूर्ण हेल्मेट घ्या, आयएसआय छाप बघा आणि हनुवटीखालचा पट्टा लावाच. पट्टा सुटा असेल तर पडताक्षणी हेल्मेट उडून जातं.

तुमच्या रस्त्यावर दोन गोष्टी जपा. तवंदी घाटात उतारावर ट्रकच्या पुढे राहू नका. ब्रेक तापले की ट्रकवाल्याच्या हातात काही उरत नाही. दुसरी, गळीत हंगामात रात्री निघणं टाळा. ट्रॉलीतून मागं लोंबणारा ऊस दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकतो, आणि समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर असला की ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

कुणी पडलेलं दिसलं तर थांबा, १०८ ला फोन करा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही.